उद्यासाहेबांची विजेची गाडी

१० मार्च

आज गाडीचं इंजिन माझ्या हातून कायमचं गेलं. हे पहिल्याच पानावर लिहून टाकतो, म्हणजे पुढे सारवासारव करायला जागा उरणार नाही.

ऑइलचा लाल दिवा आठवडाभर लागत होता. मी तीस वर्षं वाहनदुरुस्ती कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली, खिडकीच्या आत बसून. गाडीतला एकेक सुटा भाग मला नंबराने पाठ आहे. त्यामुळे दिवा लागलेला बघून माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं, तर त्या बल्बचा नंबर. बल्ब बिघडला असणार म्हणून नवा आणून बसवला. नवाही लागला. मग हल्लीच्या मालाला नावं ठेवत मी बल्ब काढूनच टाकला. आज बायकोला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रुग्णालयातून घरी आणत होतो. टेकडी उतरून चौकात आलो आणि इंजिनाने खडखडाट करून मान टाकली. आत चमचाभरही ऑइल नव्हतं.

ही मागच्या सीटवर पाय लांब करून बसली होती. तिने एवढंच विचारलं, "अहो, तो दिवा तुम्ही काढलात?" मी रस्त्याकडे बघत राहिलो. रस्त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

खरी पंचाईत पुढेच आहे. ही त्याच टेकडीवरच्या रुग्णालयात, प्रयोगशाळेत रक्त तपासते. बस पायथ्यापर्यंतच जाते, रिक्षाही वर जात नाहीत, वरचा चढ पायी. डॉक्टरांनी तिला चढ कायमचा बंद केलाय. रजा सव्वीस मेपर्यंत. सत्तावीसला ती सकाळी नऊ वाजता हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला देणार, तसं लेखी आलंय. निवृत्तीला दोन वर्षं आहेत आणि ती त्या सूक्ष्मदर्शकापुढून उठायला तयार नाही. गाडी होती तर काळजी नव्हती. आता गाडी नाही, आणि ती का नाही हे वर लिहिलंच आहे.

१५ मार्च

आठ महिन्यांपूर्वी स्टोअर बंद झालं. तेव्हापासून मी सकाळी दहाला उठतो, लेंग्यावरच दुपार करतो आणि पंख्याकडे बघतो. आज मात्र मला एक झकास कल्पना सुचली. गाडीला विजेची मोटर बसवायची. गिअरबॉक्स तोच ठेवायचा, म्हणजे चढाला दम पुरेल. कल्पना कुठून आली कोण जाणे. सकाळी ही वर्तमानपत्रातून कुणा शिक्षकाने जुनी गाडी विजेवर केल्याची बातमी मोठ्याने वाचत होती, दोनदा वाचली, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. दुपारी डोक्यात एकदम प्रकाश पडला. हिला सांगितल्यावर म्हणाली, "तुम्हाला बरं सुचतं हो." मला फार बरं वाटलं.

२१ मार्च

भंगारवाल्याकडे गेलो. नदीपलीकडचं शीतगृह बंद पडलंय आणि तिथल्या माल उचलायच्या गाड्या, म्हणजे फोर्कलिफ्ट, भंगारात आल्यात, हे हिला तिच्या कुणा रुग्णाकडून कळलं होतं. पाय पलंगावर आणि कान गावभर.

भंगारवाल्याने दोन मोटरी पुढे ठेवल्या. म्हणाला, "ही चाकं फिरवणारी. आणि ही पंपाची, काटे उचलायची. बघा, कुठली देऊ?"

चाकाच्या मोटरीची पाटी गंजून सपाट झाली होती. पंपाच्या मोटरीची पाटी स्वच्छ, नंबर ठळक. ज्या मालाचा नंबर वाचता येत नाही तो माल मी तीस वर्षांत कधी हातात धरला नाही. पंपाची घेतली. बदल्यात माझं मेलेलं इंजिन देऊन टाकलं, त्याला चिकटलेल्या क्लच प्लेटसकट. भंगारवाला म्हणाला, "प्लेट ठेवून घ्या, लागेल." मी म्हणालो, "विजेच्या गाडीला क्लच कशाला?" असं बोलताना माझा आवाज एखाद्या प्राध्यापकासारखा झाला होता.

२९ मार्च

मोटर घासून पुसून निळी रंगवली. वर कुणीतरी लाल रंगात बाण काढून ठेवला होता, तोही घासून काढला. आता इतकी सुरेख दिसते की बैठकीच्या खोलीत ठेवावी. टेबलावर ठेवून बॅटरी लावून पाहिली. फिरली. यापुढे काही विचारायचं मला सुचलं नाही. ही खुर्ची टाकून गॅरेजच्या दारात बसली होती, पाय वर-खाली करण्याचा व्यायाम करत. म्हणाली, "निळा रंग छान निवडलात."

आज सकाळी सात वाजता मी दाढी केली. रंगाचं दुकान लवकर उघडतं म्हणून.

४ एप्रिल

मोटरचा दांडा गिअरबॉक्सच्या दांड्याला जोडायला मधे एक तुकडा लागतो. त्याच्या एका बाजूला गोल भोक, दुसऱ्या बाजूला दात. ते दात क्लच प्लेटच्या मधल्या भागातून कापून घेतात, हे मला आज कळलं. भंगारवाल्याकडे धावत गेलो तर माझं इंजिन प्लेटसह भट्टीकडे रवाना झालेलं.

हे काम जिल्ह्यात एकच माणूस करतो, असं तीन ठिकाणी सांगितलं. पत्ता शोधत पोचलो तर लेथवर आमच्याच कारखान्यातला जुना फिटर. मला बघून त्याने मशीन थांबवलं, हात पुसले आणि आतल्या दोघांना हाक मारून म्हणाला, "अरे बाहेर या, कोण आलंय बघा. उद्यासाहेब."

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"तुम्हालाच म्हणतोय साहेब. सगळा कारखाना तुम्हाला हेच म्हणायचा. साधा नट मागायला आलो तरी तुम्ही खिडकीतून म्हणणार, फॉर्मवर सही नाही, उद्या या."

तीस वर्षं. मला वाटत होतं लोक मला काटेकोर म्हणतात.

मी मुकाट्याने काम सांगितलं. त्याने तुकडा पाहिजे कसा ते ऐकून घेतलं, कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाला, "दातांचा भाग घेऊन या. मग बघू. उद्या."

आतले दोघं भिंतीकडे तोंड करून हसत होते. घरी येऊन हिला सांगितलं, वाटलं तिला माझी कीव येईल. ती म्हणाली, "मला माहीत होतं. त्यांच्या बायका सांगायच्या रक्त द्यायला आल्या की."

१३ एप्रिल

क्लच प्लेटचा नंबर मी झोपेतही सांगू शकतो. दुकानदार कॅटलॉग काढायला लागला तेव्हा मी हात वर केला आणि नंबर तोंडाने सांगितला, अकराच्या अकरा आकडे. दुकानातली चार माणसं वळून बघायला लागली. आज प्लेट आली. गिअरबॉक्ससोबत लेथवाल्याकडे नेली. त्याने ती गिअरबॉक्सच्या दांड्यावर धरली. बसेना. तिला वीस दात, दांड्याला चोवीस.

"नंबर बरोबर आहे," मी म्हणालो.

"असेल. गाडीला सांगा तसं."

मग आठवलं. सहा वर्षांपूर्वी आमचा गिअरबॉक्स बदलला होता. पुढच्या सालचं मॉडेल होतं. तो मीच माझ्या खिडकीतून मलाच दिला होता. त्या दिवशी मात्र मी स्वतःकडून फॉर्म भरून घेतला नव्हता.

लेथवाला म्हणाला, "साहेब, नंबर कशाला पाठ करता? दात मोजायचे असतात." आणि चोवीस दातांची जुनी प्लेट त्याने स्वतःच्या फडताळातून काढली. घ्या म्हणाला. मी विचारलं, "सही कुठे करू?" आम्ही दोघंही हसलो. मला वाटतं, त्या माणसाबरोबर मी पहिल्यांदाच हसलो.

२० एप्रिल

हिच्या प्रयोगशाळेतला सहकारी आला होता. गुणी मुलगा आहे, तिशीचा, नुकतीच गाडी घेतलीय. म्हणाला, "काकू, मी रोज इथूनच जातो. कोपऱ्यावरून तुम्हाला घेत जाईन." मी ताबडतोब म्हणालो, "कशाला तुला त्रास? आमची होतेच आहे तयार." त्याने हिच्याकडे पाहिलं. हिने माझ्या हाताकडे पाहिलं, हाताला काळं ग्रीस होतं. मग ती त्याला दारापर्यंत सोडायला काठी टेकत गेली आणि दोघं फाटकाशी बराच वेळ बोलत होती. कामाचं काहीतरी असणार.

जाताना तो म्हणाला, रुग्णालयातल्या वीज गेल्यावर चालायच्या बॅटऱ्या बदलल्यात, जुन्या अजून चांगल्या आहेत, काकूंनी अर्ज केला होता तो मंजूर झालाय. किती हा योगायोग. मला नेमक्या बॅटऱ्याच हव्या होत्या.

६ मे

मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामधली जाड पत्र्याची चकती दोनदा फुकट गेली. एकदा भोकं माझ्या मापाने पाडली म्हणून आणि एकदा मीच चुकलो असं मानायला तयार नव्हतो म्हणून. तिसऱ्या वेळी लेथवाला घरी आला, मला बाजूला उभं केलं आणि माप त्याने घेतलं. मी टॉर्च धरून उजेड दाखवला. उजेड उत्तम दाखवतो असं तो म्हणाला.

हिला आता काठीशिवाय घरात चालता येतं. आज ती पायथ्यापर्यंत बसने जाऊन आली, मला न सांगता. चढाची पहिली पन्नास पावलं चढून पाहिली म्हणे. गुडघा सुजलाय. मी चिडलो. "मी इथे राबतोय ना?" म्हणालो. ती बर्फ लावत बसली. माझ्यावर विश्वास नसावा. नसेल तर तिचं चुकत नाही, पण वाईट वाटलं.

१८ मे

सगळं जोडून झालं. लेथवाला, त्याचे दोघं, भंगारवाला आणि शेजारचे आजोबा असे पाहुणे जमले. ही गॅरेजच्या दारात उभी होती. मी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून गाडीत बसलो. पहिला गिअर टाकला आणि पाय दाबला.

गाडी मागे गेली.

मागे गॅरेजची भिंत होती, भिंतीवर फळी, फळीवर उरलेला निळा रंग. रंगाचा डबा मागच्या काचेवर फुटला. मला वाटलं चुकून रिव्हर्स पडला. दुसरा टाकला. आणखी जोरात मागे. आजोबा म्हणाले, "पुढे जायचंय ना रे?" भंगारवाला हळूच निघून गेला.

लेथवाल्याने मोटर पाहिली आणि कपाळाला हात लावला. पंपाची मोटर एकाच दिशेने फिरायला बनवलेली असते. ही नेमकी उलट फिरते. तारा अदलाबदल केल्या तर फिरेल दुसरीकडे, पण आतले कार्बन, म्हणजे वीज पोचवणारे तुकडे, त्या दिशेसाठी लावलेले नाहीत, आठवड्यात जळून जाईल. "यावर बाण असतो ना साहेब. लाल. फिरायची दिशा दाखवणारा. दिसला नाही तुम्हाला?"

मी म्हणालो, दिसला होता.

चाकाची मोटर भंगारवाल्याने केव्हाच विकली. मोटर उघडून कार्बन सरकवणारा कारागीर महिनाभर गावाला गेलाय. नऊ दिवस राहिले. ही काचेवरचा रंग पुसायला लागली. मी आत जाऊन पलंगावर पडलो.

२० मे

काल उठलो नाही. आज दुपारी उठलो, कारण पडल्या पडल्या एक गोष्ट सुचली आणि ती माझी स्वतःची अशी पहिलीच कल्पना असावी. सहकाऱ्याकडे जाऊन माफी मागायची आणि हिला रोज घेऊन जा म्हणायचं. नाक मुठीत धरून गेलो.

त्याने बसायला दिलं. माझं ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. "काका, मी तर मार्चमध्येच विचारलं होतं काकूंना. एप्रिलमध्ये तुमच्यासमोर विचारलं. मग महिनाअखेरीस मला संध्याकाळची पाळी देत होते. मी काकूंना म्हटलं, तुम्ही येणार असाल तर मी सकाळचीच ठेवतो. त्या म्हणाल्या, नको, तू घे. आता बदलता येत नाही. सकाळी तिकडून वर जाणारं दुसरं कोणी नाही."

"पण ती नको का म्हणाली?"

तो चुळबुळला. "सांगू नको म्हणाल्या होत्या."

"सांग."

"म्हणाल्या, ते सकाळी उठून दाढी करून बाहेर पडायला लागलेत. मी तुझ्या गाडीत बसले की ते परत झोपतील."

त्याच्या आईने पाणी आणून ठेवलं होतं, ते मी प्यायलो की नाही आठवत नाही. मला वाटत होतं मी हिची नोकरी वाचवतोय. तिने तिची नोकरी माझ्यावर पणाला लावली होती. ज्याने बल्ब काढला त्याच्यावर.

वर्तमानपत्र, शीतगृह, बॅटऱ्या, सगळं एकापाठोपाठ एक आठवत गेलं. इतकी वर्षं लोकांनी मला उद्यासाहेब म्हटलं ते कमीच म्हटलं. घरी येताना रडू आलं. पुलावर उभं राहून रडलो.

२१ मे

सकाळी तिला सांगितलं की मला कळलंय. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याच्या पोटात काही राहत नाही."

मी म्हणालो, "माझ्यामुळे तुझं काम जाणार. मला माफ कर. गाडी पुढे जातच नाही, काय करू?"

"मागे तर जाते ना?"

"मागे झकास जाते. चारही गिअरमध्ये."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "अहो, मग रिव्हर्स टाकल्यावर कुठे जाते?"

मी उठून खुंटीवरची किल्ली काढली.

"सूक्ष्मदर्शकात सगळं उलटं दिसतं," ती म्हणाली. "एखादी पेशी डावीकडे आणायची असेल तर काच उजवीकडे सरकवावी लागते. पहिले आठ दिवस डोकं फिरतं, मग हाताला सवय होते. मी तीस वर्षं तेच करतेय. तुम्ही तेवढं करून बघा."

रिव्हर्स टाकला. गाडी पुढे गेली.

लेथवाल्याला बोलावलं. तो गाडीखाली जाऊन आला आणि म्हणाला, रिव्हर्सला जोर पहिल्या गिअरएवढाच असतो, चढ नक्की चढेल, आवाज मात्र भयंकर करेल. म्हणजे आता आमच्या गाडीला पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला चार. माझ्या एकंदर आयुष्याला साजेशी आहे.

२४ मे

चढावर सराव केला, शेजारी वाळूची पोती ठेवून. दोनदा चढली. आवाज असा की टेकडीवरची कुत्री रस्त्यावर येऊन बघायला लागली. एक सायकलवाला पुढे निघून गेला, जाताना त्याने हात केला. गिअर टाकताना हात अजून चुकतो. दर वेळी मनाशी म्हणावं लागतं, पुढे जायचंय, रिव्हर्स टाक.

२७ मे

सकाळी साडेसातला निघालो. ही मागच्या सीटवर पाय लांब करून बसली, मांडीवर पांढरा कोट घडी करून. अर्ध्या चढावर गरम वास यायला लागला तेव्हा मी थांबू का विचारलं. ती म्हणाली, "थांबू नका." मग मी वास घेणंच बंद केलं. शेवटच्या वळणावर गाडी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जात होती आणि मी सीटवरून पुढे झुकलो होतो, त्याने काही उपयोग होतो असं समजून. आरशात पाहिलं तर तीही झुकली होती.

नऊला बारा मिनिटं कमी असताना फाटकात पोचलो. आवाज ऐकून अर्धं रुग्णालय खिडक्यांशी आलं होतं. पहारेकऱ्याने विचारलं, "काय बिघडलंय गाडीत?" मी म्हणालो, "काही नाही, अशीच असते."

ती उतरली. कोट घातला, बटणं लावली. मी दार धरून उभा होतो. शेवटी म्हणालो, "मी आता कुठलाच दिवा काढणार नाही."

ती हसली नाही. माझ्या सदऱ्याच्या कॉलरवर निळा रंग लागला होता तो नखाने खरवडून पाहिला, निघाला नाही तेव्हा सोडून दिला. म्हणाली, "पाच वाजता सुटते मी. उशीर करू नका, मला फाटकाशी उभं राहवत नाही फार वेळ."

आणि आत गेली. जिना नव्हता, तळमजलाच आहे, तरी ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिलो.

टेकडी उतरून घरी आलो. मोटर निवेपर्यंत हात लावला नाही. मग एकेक बोल्ट आवळून पाहिला, गिअरबॉक्सचं ऑइल मोजलं, पुन्हा मोजलं. जेवलो. आडवा झालो नाही. आता सव्वातीन झालेत. घरून वर पोचायला माझ्या गाडीने सव्वा तास लागतो, पण वाटेत काही झालं तर हाताशी वेळ हवा. निघतो.